मोज्यात लपलेली व्हेप

"हा मोजा तुमचाच ना?"

बीसाननं रबरी हातमोज्यातल्या दोन बोटांत तो राखाडी मोजा धरला होता, तोही जरा लांबच. समोरच्या तरुणानं मोज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं... आणि पुन्हा मोज्याकडे पाहायचं विसरूनच गेला.

"माझाच... म्हणजे, धुतलेला आहे. वल्ला, देवाशपथ, स्वच्छ धुतलेला."

"धुतलाय का, असं विचारलं नाही मी. आत काय आहे?"

"एरवी पाय असतो," तो म्हणाला.

हसू आलं होतं, पण बीसाननं ते दाताखाली दाबून धरलं. अम्मानच्या विमानतळाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत हसायची पद्धत नव्हती. वर प्रवासी आपल्या मोठ्या बॅगा देऊन टाकायचे आणि गळ्यात पडून रडणाऱ्या नातेवाइकांच्या तावडीतून सुटून आत पळायचे. त्या बॅगा खाली यंत्रातून जायच्या. एखाद्या बॅगेत नको ते दिसलं की ती बीसानच्या टेबलावर यायची, मालकाला खाली बोलावलं जायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत बॅग उघडली जायची. लोक घाबरलेले तरी यायचे नाहीतर चिडलेले. हा पहिलाच असा, जो पाहुणा आल्यासारखा आला होता.

तिनं मोजा उलटा केला. बोटभर लांबीची निळी व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट, टेबलावर पडली, आंब्याचा गोडसर वास सोडत.

त्याचा चेहरा खरोखरच पडला. त्यानं जाकिटाचे खिसे चाचपले. वरचे, खालचे, आतला. "ही खिशात होती माझ्या. घरून निघताना खिशातच होती."

"सगळ्यांची खिशातच असते. मग पाय फुटतात तिला."

"आणि मोजे घालते?"

आता मात्र तिनं मान खाली घालून बॅगेतलं सामान नीट लावायचं सोंग केलं. जमीदचे गोळे होते, वाळवलेल्या दह्याचे, दगडासारखे कडक. तेलात मुरलेल्या वांग्यांची बरणी होती आणि झातर मसाल्याची पिशवी. म्हणजे आई आहे घरी, आणि बॅग आईच भरते. हे कळायला यंत्र लागत नाही.

"हे बघा, बॅटरी असते हिच्यात," ती म्हणाली. हे वाक्य ती रोज म्हणायची, पण त्या दिवशी जरा सावकाश म्हणाली. "बॅगेत दाबली गेली, तापली, पेटली, तर सामानाच्या कप्प्यात विझवायला कोण जाणार आहे? हिला जवळ ठेवायचं. खिशात किंवा हातातल्या पिशवीत. विमानात ओढायची नाही, चार्जही करायची नाही."

"जेद्दाहपर्यंत धीर धरीन. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी नको. विमानासाठी धरा."

त्यानं व्हेप खिशात टाकली. जाता जाता त्याची नजर तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. "बीसान," त्यानं वाचलं. "नाव वाचायला मनाई आहे का?"

"वाचायला नाही. परत परत वाचायला आहे."

"मी ऐहम," तो म्हणाला. "माझ्याकडे बिल्ला नाही, म्हणून सांगून ठेवतो." आणि गेला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले अबू सख्र मिशीतल्या मिशीत खाकरले. ते बीसानचे वरिष्ठ. डोळे अर्धे मिटून बसायचे, पण खोलीतली माशीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बीसाननं मुकाट्यानं पुढची बॅग ओढली.

तिला सांभाळून राहणं भाग होतं, बरं का. नोकरी अजून कच्ची होती, एप्रिलअखेर पक्की होणार होती. आणि ही नोकरी तिला सुखासुखी मिळालेली नव्हती. विमानतळावर, परक्या पुरुषांच्या बॅगा उपसायच्या, हे काय मुलीचं काम आहे? काका म्हणाले, आत्या म्हणाली, समोरच्या घरातली बाईसुद्धा म्हणाली. फक्त वडील काही म्हणाले नाहीत. त्यांना मुलगा नव्हता. लोक त्यांना थोरल्या लेकीच्या नावानं 'अबू बीसान' म्हणत, आणि ते त्या नावावर खूश असत. जन्मभर बस चालवलेला तो माणूस एका संध्याकाळी तिला एवढंच म्हणाला, "बीसान, सगळ्यांची तोंडं मी बंद केलीत. आता ती पुन्हा उघडतील असं काही होऊ देऊ नकोस."

तेवढं वाक्य तिनं गाठीला बांधलं होतं.

*

फेब्रुवारीत अम्मानवर पाऊस तिरका येतो, थेट कानात शिरणारा. अशाच एका दुपारी ऐहम पुन्हा त्या खोलीच्या दारात उभा होता. केस ओले, हातात ओलं जाकीट, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता मी काय सांगू.

टेबलावर त्याची बॅग होती. झातरच्या पिशवीत, अगदी तळाशी, निळी व्हेप.

"आज मोजा मिळाला नाही वाटतं," बीसान म्हणाली.

"मी ठेवली नाही."

"मग झातरमध्ये उगवली असेल."

"बीसान... मिस बीसान. तुम्हाला मी इतका मूर्ख वाटतो का?"

"मूर्ख नाही वाटत." तिनं व्हेपवरची झातर झटकली. "विसरभोळे तरी असाल, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

नाहीतर तुम्हाला खाली यायचं असेल, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण कोपऱ्यात अबू सख्र होते. तिनं ते गिळलं, आणि गिळताना तिचे गाल तापले. त्यानं पाहिलंच ते. त्याची नजर तिच्या गालांवर जरा रेंगाळली... मग सभ्यपणे बरणीकडे वळली.

बरणीचं झाकण सैल झालं होतं. दोघांनी एकदमच हात पुढे केला. त्याची बोटं खरखरीत होती, कापल्याच्या खुणांनी भरलेली.

"दगडाचं काम," तो म्हणाला. "भिंतींना दगड बसवतो मी. तिकडे जेद्दाहला चालू आहे, तीन आठवडे तिकडे, एक इकडे. आमच्या हातांना सांगावं लागत नाही, झाकण किती घट्ट लावायचं ते."

"मग व्हेप कुठं ठेवायची तेही हातांनाच विचारा."

तो इतका मोकळा हसला की बाहेरच्या पावसाचा आवाज क्षणभर ऐकू येईनासा झाला. "तुमचा फोन नंबर मिळेल? म्हणजे, पुन्हा काही सापडलं तर..."

"इथे बॅगा उघडतात. नंबर नाही."

पण तो गेल्यावर ती बराच वेळ झातरचा वास घेत राहिली, हातमोज्याला लागलेला. आणि पुढचे तीन आठवडे, जेद्दाहच्या विमानाचं नाव पुकारलं की तिचं लक्ष कामातून उडायचं. तिला तो आवडायला लागला होता. स्वतःशी तिनं ते कबूलही करून टाकलं, एका दुपारी, डबा खाताना. कबूल केलं आणि डबा अर्धाच बंद केला.

आता एक गोष्ट बीसानला ठाऊक नव्हती, पण तुम्हाला सांगायला काहीच हरकत नाही. व्हेप बॅगेत ऐहम ठेवतच नव्हता. ठेवत होती त्याची आई, उम्म ऐहम.

उम्म ऐहमला ते धुराचं खेळणं डोळ्यांसमोर नको होतं. लेक दिवसभर किटलीसारखा वाफा सोडत बसायचा, आणि बोललं की "आई, ही सिगारेट नाही" असं म्हणायचा. शेजारणीनं तिला सांगितलं की मोठ्या बॅगेत सापडली तर विमानतळावर जप्त करतात. झालं! निघताना लेकाच्या गळ्यात पडायचं, रडता रडता खिशातून व्हेप काढायची आणि तो बूट घालेपर्यंत बॅगेत सरकवायची. रडणं खरं असायचं, हात मात्र आपलं काम करत असायचे. पहिल्यांदा व्हेप लेकाबरोबर जेद्दाहला पोचली, कारण एका सभ्य मुलीनं ती जप्त करायच्या ऐवजी परत दिली. दुसऱ्यांदाही तेच. पण दुसऱ्यांदा लेक फोनवर व्हेपबद्दल दोन वाक्यं बोलला आणि त्या मुलीबद्दल एवढं बोलला की उम्म ऐहमची खिचडी करपली.

मग तिसऱ्यांदा तिनं व्हेप ठेवली ती वेगळ्याच हेतूनं. शेजारी मामूलचा, खजूर भरलेल्या बिस्किटांचा, डबा ठेवला, वर लाल फीत बांधून. आणि सगळं मावावं म्हणून बॅग गुडघ्यानं दाबून बंद केली.

*

त्या दिवशी बॅग टेबलावर आली तेव्हाच बीसानला वास आला. आंब्याचा, आणि त्यामागे काहीतरी जळल्याचा.

ऐहमला आणायला माणूस गेला होता. त्याच्यासमोरच बॅग उघडायची असा नियम, पण बॅगेच्या कडेनं पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर आली आणि तिनं नियम बाजूला ठेवला. "अबू सख्र!" एवढीच हाक मारली. चेन ओढली, कपडे बाहेर फेकले, वांग्यांच्या बरणीखाली दाबली गेलेली ती निळी नळी चिमट्यानं उचलली आणि वाळूच्या डब्यात टाकली. वर आणखी वाळू ओतली. ओततच राहिली. शेवटी अबू सख्रनी तिच्या हातातून भांडं काढून घेतलं.

दार उघडलं. ऐहम दारातच थिजला. जळका वास, जमिनीवर त्याचे शर्ट, आणि टेबलावर, एका बाजूनं तपकिरी झालेला, लाल फितीचा डबा.

"हे काय आहे?" अबू सख्रनी डबा उचलला.

ऐहमनं डब्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "हे आईनं... हे आईचं काम आहे. मामूल आहेत. यांच्यासाठी." आणि त्यानं बीसानकडे हात केला.

अबू सख्रचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले. ते डब्याकडून बीसानकडे वळले. प्रवाशाची तिच्यासाठी भेट. तीनदा तोच प्रवासी, तीनदा तीच वस्तू. हे बाहेर कसं दिसेल ते तिला दिसत होतं. काका दिसत होते, आत्या दिसत होती. आणि मान खाली घातलेले बाबा.

"माझा याच्याशी काही संबंध नाही," ती म्हणाली. मग ऐहमकडे वळली, आणि तिचा आवाज चिरला. "तुम्हाला गंमत वाटते ही? मला भेटायला म्हणून ठेवता? आज ही बॅग माझ्या टेबलावर आलीच नसती तर? वर लहान मुलं बसली असती, बायका बसल्या असत्या, आणि त्यांच्या पायाखाली..."

"मी नाही ठेवली. आईनं ठेवली."

"आईवर ढकलता? लाज नाही वाटत?"

तो काही बोलणार होता. पण तेवढ्यात अबू सख्र म्हणाले, "आईनं ठेवली असेल तर तिलाही पोलिसांपुढे आणावं लागेल. बॅग कुणी भरली, ते लिहून द्यावं लागतं."

ऐहमनं खाली पडलेला एक शर्ट उचलला, घडी घातली. त्या घडीला फार वेळ लागला.

"मीच ठेवली," तो म्हणाला. "तिन्ही वेळा. आईला यातलं काही माहीत नाही. आणि यांचाही काही दोष नाही... यांनी मला दोन्ही वेळा झापलं होतं. मी ऐकलं नाही. तसंच लिहा."

पोलीस आले. त्याचं विमान चुकलं. दारातून जाताना त्यानं एकदा मागे पाहिलं, पण बीसान भिंतीकडे तोंड करून हातमोजे काढत होती. ती रडली ती नंतर, बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून. त्यानं इतक्यांचा जीव पणाला लावला होता तो एका खेळासाठी, असंच तिला वाटलं. आणि सगळ्यात वाईट हे की तरीही तो आवडेनासा होत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी वरच्या मोठ्या दालनात गोंधळ उडाला. भरतकामाचा काळा झगा घातलेली एक बाई दिसेल त्या गणवेशवाल्याला अडवत होती. "बॅगा उघडते ती मुलगी कुठाय? निळा स्कार्फ. बीसान नावाची. मला तिलाच भेटायचंय, आत्ताच्या आत्ता."

शेवटी अबू सख्र बीसानला घेऊन वर आले. बाईनं बीसानला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मी ऐहमची आई. पोरी, ती चोरटी मी आहे."

"म्हणजे?"

"व्हेप मी ठेवली. पहिल्यांदा मी, दुसऱ्यांदाही मी. वाटलं, तुम्ही लोक काढून घ्याल, पोराची छाती वाचेल. तर तू परतच देत बसलीस! इतकी सभ्य असायची काय गरज होती गं तुला?"

अबू सख्र खाकरले.

"आणि तिसऱ्यांदा?" बीसाननं हळूच विचारलं.

"तिसऱ्यांदा..." उम्म ऐहमनं नजर चुकवली. "तिसऱ्यांदा म्हटलं, तेवढीच तुमची भेट होईल. माझ्या पोराला पंचवीस मुली दाखवल्या मी. एकीचंही नाव त्याच्या लक्षात राहिलं नाही. तुझं मात्र फोनवर दहादा घेतलं. काल विमान चुकवून घरी आला, तोंडाला कुलूप. मी रात्रभर मागे लागले तेव्हा म्हणाला, आई, ती आता माझ्याकडे बघणारसुद्धा नाही. एवढंच. माझ्यावर एका शब्दानं रागावला नाही गं तो. रागावला असता तर बरं झालं असतं."

म्हणजे तो खरं बोलत होता. आणि खरं बोलून, मग आईसाठी खोटं बोलला, आणि आपण त्याची लाज काढली... तिला त्याच क्षणी धावत त्याच्याकडे जावंसं वाटलं. पण समोर त्याची आई होती, आणि एक गोष्ट सांगायलाच हवी होती, वडीलधाऱ्या बाईला सांगायची म्हणून कितीही अवघड असली तरी.

"मावशी, बसा जरा," ती म्हणाली. जवळ एक रिकामी ट्रॉली होती, तिच्यावरच तिनं बाईला बसवलं. "बरणीच्या वजनानं तिचं बटण दाबलं गेलं. ती तापत राहिली. मी हात लावला तेव्हा शर्ट जळायला लागला होता. विमान उडाल्यावर हे झालं असतं ना, तर ती बॅग कुणाला उघडता आली नसती. आणि मावशी... ऐहम त्याच विमानात असता."

उम्म ऐहमचा चेहरा पांढराफटक पडला. मग पदरानं... नाही, स्कार्फच्या टोकानं तोंड झाकून ती रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी. बीसाननं पाणी आणलं, तिच्या पाठीवर हात फिरवला.

"मी त्याला वाचवायला निघाले होते गं," ती एवढंच म्हणत राहिली.

अबू सख्रनी दोघींकडे पाठ फिरवली आणि छताकडे पाहत म्हणाले, "त्यानं दंड भरलाय, ताकीद मिळालीय. प्रकरण मिटलं. पुन्हा उकरायला मला वेळ नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि बीसान, काल तू नियम मोडून बॅग उघडलीस, ते वर कळवलंय मी. तू उघडलीस म्हणून आपण सगळे आज इथे उभे आहोत, असं कळवलंय. नोकरी पक्की झालीय तुझी, एप्रिलअखेरची वाट न बघता. घरी जाऊन वडिलांना सांग."

*

त्यानंतर चारच दिवसांनी यंत्राच्या पडद्यासमोर बसायची पाळी बीसानची होती. जेद्दाहच्या विमानाच्या बॅगा सरकत होत्या, आणि त्यात ती आली. तिनं ओळखली. जमीदचे गोल गोल गोळे, बरणी, शर्ट... तिनं डोळे ताणून पाहिलं. एकदा, दोनदा. काहीच नव्हतं. अगदी स्वच्छ बॅग.

आता त्याला खाली बोलवायला कारणच नव्हतं. तिनं बटण दाबलं आणि बॅग पुढे गेली, आणि इतकं सरळ काम केल्याबद्दल इतकं वाईट तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पाळी संपवून ती बाहेर बसथांब्यावर आली तेव्हा बाकावर ऐहम बसला होता. हातात कागदाच्या पुडीत कोवळे हिरवे बदाम आणि मीठ. तो उठून उभा राहिला, आणि पुडी कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"विमानाला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "बॅग देऊन टाकली... सापडलं काही?"

"काही नाही."

"वाईट वाटलं?"

"हो," बीसान म्हणाली. "खूप."

त्याला बहुतेक या उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यानं मान खाली घातली, आणि त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

"त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोलले," ती म्हणाली. "माफ करा. पण तुम्हीही मला खोटंच खरं मानू दिलंत. घरी जाताना बसमध्ये रडले मी. एक सांगून ठेवते... पुन्हा माझ्याशी खोटं बोलायचं नाही. आईसाठीसुद्धा नाही. खरं कितीही अडचणीचं असलं तरी खरंच सांगायचं."

"पुन्हा म्हणजे?" त्यानं वर पाहिलं. डोळ्यांत तो पहिल्या दिवसाचा खोडकरपणा परत आला होता. "म्हणजे पुढे बोलायचं आहे आपल्याला?"

"बस येतेय माझी."

"आई तुमच्या घरी फोन करणार आहे. करू दे?"

बस आली, दार उघडलं. बीसाननं पुडीतला एक बदाम उचलला, मिठात बुडवला आणि पायरीवर चढली. "दुपारी चारनंतर करायला सांगा," ती म्हणाली. "बाबा तेव्हा झोपेतून उठलेले असतात. आणि खुशीत असतात."

*

मग आधी बायका येऊन बसून गेल्या, मग फोनाफोनी झाली, आणि मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ऐहमकडचे पुरुष मागणी घालायला आले. वीसेक जण, इस्त्रीचे कपडे, पुढे त्याचे चुलत आजोबा हाज मुफ्लेह. सगळं आधीच ठरलेलं होतं. आता फक्त रीत पाळायची होती: कॉफी आली की आजोबांनी कप न पिता खाली ठेवायचा, मुलगी मागायची, आणि मुलीच्या बापानं "कॉफी प्या" म्हणायचं. म्हणजे दिली. तोपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही.

बीसान स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिचा हात, घरी न राहवून पुरुषांमागोमाग आलेल्या उम्म ऐहमच्या हातात होता, आणि कोणाचा हात जास्त घामेजलाय ते कळत नव्हतं.

हाज मुफ्लेहंनी कप खाली ठेवला, लांबलचक भाषण केलं, दोन्ही घराण्यांची तारीफ केली आणि मुलगी मागितली. सगळ्यांच्या नजरा अबू बीसानकडे वळल्या.

पण बसच्या काचेतून लांबचा रस्ता बघावा तसे ते ऐहमकडे बघत राहिले.

"पोरा, एक विचारतो," ते म्हणाले. "ते धुराचं... सोडलंस का?"

बैठकीत चुळबुळ झाली. असं काही या वेळी विचारत नाहीत. काका खाकरले. हाज मुफ्लेहंनी घाईनं म्हटलं, "सोडलं हो, कधीच सोडलं."

"सोडतोय, काका," ऐहम म्हणाला. त्याचा आवाज जरा कापला. "सुटलेलं नाही अजून. महिनाभर हात लावला नव्हता. परवा... आज इथे यायच्या भीतीनं... एकदा ओढली."

"गाढव कुठला," उम्म ऐहम दाराआड कुजबुजली. "आजच्या दिवस तरी हो म्हणाला असता." तिनं कपाळावर हात मारून घेतला.

बीसान मात्र जागच्या जागी उभी होती. वीस माणसांसमोर, घराण्याच्या वडीलधाऱ्याचा शब्द खोटा पाडून, सगळं हातचं जाईल हे दिसत असताना, त्यानं खरं सांगितलं होतं. तिचे डोळे भरून आले.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं जवळ आली, आणि अबू बीसान, सगळ्या पाहुण्यांना तसंच सोडून, स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

"ओढतो अजून."

"हो."

"खोटं बोलला असता तर आत्तापर्यंत सुटला असता."

"म्हणूनच तर, बाबा..."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. "बाहेर काय बोलायचं ते मला सगळ्यांनी शिकवलंय. तुला मात्र कुणी नीट विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आवडतो तो तुला?"

उम्म ऐहम श्वास रोखून उभी होती. बीसाननं वडिलांच्या डोळ्यांत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे मोठ्यानं बोलणार होती, आणि तेही नेमकं बाबांपुढे.

"आवडतो," ती म्हणाली. "खूप आवडतो, बाबा. आणि त्या सगळ्यांची कॉफी गार होतेय."

अबू बीसान तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हसण्याचा हिसका बसला. डोळे पुसत ते बाहेर गेले, आणि त्यांचा तो बसवाल्याचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "प्या मंडळी, कॉफी प्या."

उम्म ऐहमनं तोंडाशी हात नेऊन असा लांब आनंदाचा सूर लावला की खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. बीसाननं दाराच्या फटीला डोळा लावला. सगळ्यांच्या आधी कप उचलला होता तो ऐहमनं, हाज मुफ्लेहंच्याही आधी, आणि हाज त्याच्या हातावर चापटी मारत होते. पण तो एका घोटात गार कॉफी पिऊन मोकळा झाला होता, आणि दाराच्या फटीकडे पाहून हसत होता.